टिंबक्टू म्हणजे नक्की किती लांब?

शब्दवेल्हाळ

नमस्कार मंडळी,

एका दिवाळी अंकासाठी सध्या एका इंग्रजी कथेचा अनुवाद करतेय. कथेतला मुलगा नोकरीसाठी घर सोडून निघतो, तेव्हा आई त्याला म्हणते की इथपासून टिंबक्टूपर्यंत कुठेही जा, माझं पत्र तुला गाठणारच. मी 'टिंबक्टू' तसंच ठेवलं होतं. संपादकांनी त्यावर काट मारून समासात 'झुमरीतलैया' लिहिलं आणि फोनवर म्हणाले, "ताई, आपल्या वाचकाला टिंबक्टू काय कळणार? तिथली गंमत पोचली पाहिजे."

मला ते पटलं नाही, पण का पटलं नाही हे त्यांना धड सांगताही येईना. म्हणून इथे विचारतेय. इंग्रजीत हा शब्द नुसता 'खूप लांब' एवढ्यासाठीच वापरतात की त्यात आणखी काही आहे? 'आडगाव', 'आडरान' यांच्या जवळचा आहे का? आणि असा शब्द मराठीत आणताना तुम्ही काय कराल? लवकर हवंय, शेवटची मुद्रितं पुढच्या आठवड्यात जातील.

पेठेतला_पिंपळ

टिंबक्टू खरंच आहे?? आमचे आजोबा चिडले की "जा तिकडे टिंबक्टूला" म्हणायचे. मी आजवर ते आटपाट नगरासारखं समजत होतो.

नकाशेवाला

आहे, चांगलं नांदतं गाव आहे. पश्चिम आफ्रिकेतल्या माली देशात, सहाराच्या दक्षिण काठावर. नायजर नदी वाळवंटाला जिथे जवळ येऊन वळसा घेते तिथे नदीपासून थोडं उत्तरेला. उत्तरेकडून उंटांचे तांडे यायचे, दक्षिणेकडून होड्या. उंट आणि होडी भेटतात ते गाव, अशी त्याची जुनी ओळख. आख्यायिका अशी की सहारातले भटके तुआरेग लोक तिथल्या विहिरीपाशी आपलं सामान बुक्तू नावाच्या एका बाईच्या राखणीला ठेवून जायचे, त्यावरून हे नाव पडलं.

आता सांगलीकरांनी जरा सावरून बसा. टिंबक्टूचं अक्षांश १६.७७ उत्तर आहे. सांगलीचं १६.८५, कोल्हापूरचं १६.७० च्या आसपास. म्हणजे टिंबक्टू या दोन गावांच्या मधल्या रेषेवर येतं.

कृष्णाकाठ

@नकाशेवाला, लई भारी! मी लगेच नकाशा उघडून बसलो. आमच्या आयर्विन पुलावरनं नाकासमोर पश्चिमेला निघालं की पूर्णगडाच्या आसपास समुद्रात उतरायचं, ओमान-येमेनच्या बाजूला बाहेर पडायचं, पुढं तांबडा समुद्र, इरिट्रिया, सुदान, चाड, नायजर आणि मग टिंबक्टू. डावीउजवीकडं बघायचं कामच नाही. उद्या वर्गात पोरांना हेच काढायला लावतो, अक्षांश-रेखांशाचा धडा चालूच आहे.

शब्दवेल्हाळ

सर, मुलं काय म्हणाली ते नक्की कळवा. पण मंडळी, माझा प्रश्न विसरू नका हं.

खलाशी_७२

प्रश्नाकडे येतो. माझी सगळी नोकरी जहाजावर गेली. ब्रिटिश अधिकाऱ्यांच्या तोंडून हा शब्द पुष्कळ ऐकलाय आणि तो तीन तऱ्हांनी यायचा. एक तुमच्या कथेतल्यासारखा, 'इथपासून टिंबक्टूपर्यंत'. म्हणजे पार दुसऱ्या टोकापर्यंत, मधलं सगळं जग धरून. दुसरा रागाचा: एक ठेवून दिली तर थेट टिंबक्टूत जाऊन पडशील. तिसरा वैतागाचा: माझी पेटी यांनी कुठे टिंबक्टूला पाठवली की काय!

तिन्हीत एक गोष्ट सारखी आहे. बोलणारा स्वतः कधीच टिंबक्टूत नसतो. रात्री गाडी बंद पडली, आजूबाजूला चिटपाखरू नाही, तर इंग्रज म्हणेल 'मिडल ऑफ नोव्हेअर'मध्ये अडकलोय. ते आपलं आडरान. घरापासून चार मैलांवरही ते सापडतं. पण तो अडकलेला माणूस 'मी टिंबक्टूत उभा आहे' असं म्हणणार नाही. आडरानाला नाव नसतं. टिंबक्टूला नाव आहे आणि ते कानाला मोठं वाटतं. तिथे दुसऱ्या कुणाला तरी धाडायचं असतं. त्यामुळे 'आडगाव' इथे अजिबात बसणार नाही.

शब्दवेल्हाळ

वा! हे मला हवं होतं. कथेतली आई घरातच बसलेली आहे आणि मुलगा जाणार आहे. अगदी चपखल.

टोकदार_पेन्सिल

माझं मत जरा वेगळं आहे. वाक्प्रचार म्हणजे भूगोलाची परीक्षा नव्हे. वाचकाला एका क्षणात 'लांब' कळलं पाहिजे, बस्स. झुमरीतलैया म्हटलं की आमच्या पिढीच्या चेहऱ्यावर हसू येतं. विविधभारतीवर दुपारी फर्माइशी लागायच्या आणि नावांच्या यादीत झुमरीतलैया हमखास असायचंच. संपादकांचं बरोबर आहे. कथा वाचायची की शब्दकोश?

अभ्रक

@टोकदार_पेन्सिल, मी नोकरीनिमित्त काही वर्षं झुमरीतलैयात राहिलोय. तुम्हाला राग येणार नाही अशी आशा आहे, पण हे लिहिल्यावाचून राहवत नाही.

ते झारखंडातल्या कोडरमा जिल्ह्यातलं भरगच्च बाजारपेठेचं गाव आहे. स्टेशनचं नाव कोडरमा, हावडा-दिल्ली ग्रँड कॉर्डवर. सगळा परिसर अभ्रकाचा. एके काळी इथून जगभर अभ्रक जायचं. विजेच्या उपकरणांत, रेडिओच्या आतल्या भागांतसुद्धा ते लागायचं. जवळच बराकर नदीवर तिलैया धरण आहे, दामोदर खोऱ्याच्या योजनेतलं पहिलं, १९५३ चं. खाणींच्या जुन्या वाटांवरून चालताना पायाखालची माती उन्हात चमचम करते आणि घरी येऊन बूट झटकले की फरशीवर अभ्रकाचा कीस पडतो.

फर्माइशींचं म्हणाल तर तिथल्या लोकांना त्याचा फार अभिमान आहे. पोस्टकार्डं लिहिण्याची चढाओढ असायची, कुणाचं नाव जास्त वेळा लागतं याची. रेडिओवर आपल्या गावाचं नाव ऐकायची हौस होती आणि ती त्यांनी पुरी करून घेतली. देशातल्या लोकांनी मात्र त्याचा अर्थ 'कुठलं तरी विचित्र नावाचं लांबचं गाव' असा लावला. कलकत्त्याहून निघालेल्या माणसाला ते वाटेवरच लागतं हो!

टोकदार_पेन्सिल

राग कसला. अभ्रकाचं आणि रेडिओचं हे नातं ठाऊक नव्हतं, छान लिहिलंत. पण अनुवादाबद्दलचं मत अजून तेच आहे.

दप्तरदार

उशिरा येतोय, पण इतिहासाबद्दल कुणीच लिहिलं नाही म्हणून जरा सविस्तर लिहितो. या शब्दाला हा अर्थ चिकटला कसा, ही गोष्ट विलक्षण आहे.

मालीचा सम्राट मनसा मुसा १३२४ मध्ये हजला निघाला. वाटेत कैरोत त्याने इतकं सोनं वाटलं की तिथला सोन्याचा भाव पडला. परत आल्यावर त्याच्या आश्रयाने टिंबक्टूत जिंगरेबेर मशीद उभी राहिली, मातीची. ती अजून उभी आहे. १३७५ च्या कातालान नकाशात हा राजा हातात सोन्याचा गोळा घेऊन बसलेला दाखवलाय. युरोपच्या डोक्यात तिथून जे भरलं ते पुढची साडेचारशे वर्षं निघालं नाही. आपण 'लंकेत सोन्याच्या विटा' म्हणतो ना, तसं टिंबक्टू हे त्यांच्या लंकेतल्या विटांचं गाव झालं.

प्रत्यक्षात सोळाव्या शतकात तिथे सर्वांत मानाचा माल होता पुस्तकं. लिओ आफ्रिकानस या प्रवाशाने लिहून ठेवलंय की तिथे हस्तलिखितांच्या विक्रीतून इतर कुठल्याही मालापेक्षा जास्त नफा होतो. सांकोरे मशिदीभोवती विद्वानांचा मोठा मेळा होता. धर्मशास्त्र, व्याकरण, खगोल, वैद्यक सगळं शिकवलं जाई. १५९१ मध्ये मोरोक्कोच्या सैन्याने बंदुकांच्या जोरावर सोंघाई राज्य मोडलं, टिंबक्टू तेव्हा त्याच राज्यात होतं. पुढे काही वर्षांत अहमद बाबा या थोर पंडिताला कैद करून मराकेशला नेलं. तिथे तो सुलतानाला म्हणाला की माझ्या कुळात माझाच ग्रंथसंग्रह सर्वांत लहान, तरी तुझ्या शिपायांनी माझी १,६०० पुस्तकं लुटली. सर्वांत लहान संग्रह! हे वाक्य वाचल्यापासून माझ्या मनातून जात नाही.

आता इंग्रजांकडे येऊ. आफ्रिकेचा अंतर्भाग शोधायला लंडनमध्ये १७८८ मध्ये आफ्रिकन असोसिएशन स्थापन झाली. १८२४ मध्ये पॅरिसच्या भूगोल संस्थेने टिंबक्टूला जाऊन माहिती घेऊन परत येणाऱ्यासाठी दहा हजार फ्रँकचं बक्षीस ठेवलं. 'परत येणाऱ्यासाठी' हे महत्त्वाचं. मेजर लेंग हा स्कॉटिश अधिकारी ऑगस्ट १८२६ मध्ये तिथे पोचला आणि गाव सोडताच मारला गेला. १८२८ मध्ये रने काये हा फ्रेंच तरुण अरबी शिकून, मुसलमान वाटसरूच्या वेषात गेला आणि सहारा ओलांडून जिवंत परतला. त्याने काय सांगितलं? सोन्याची छपरं वगैरे काही नाही, मातीची घरं आहेत. पुष्कळांचा त्याच्यावर विश्वासच बसेना. दुसऱ्याच वर्षी केंब्रिजला काव्यस्पर्धेचा विषय टिंबक्टू होता आणि पदक तरुण टेनिसनला मिळालं. गाव कसं आहे हे समजल्यावरही कल्पना काही सुटेना.

तेव्हा @शब्दवेल्हाळ, तुमच्या पहिल्या प्रश्नाचं माझं उत्तर: या शब्दात नुसती लांबी नाही. 'जिथे पोचता येत नाही आणि पोचलो तर परतता येत नाही' अशी जागा त्यात आहे.

नकाशेवाला

@दप्तरदार, तुमच्या शेवटच्या वाक्याला मोजमापाने दुजोरा देतो. लंडन ते टिंबक्टू सरळ रेषेत साधारण ३,९०० किलोमीटर. लंडन ते न्यूयॉर्क साधारण ५,५५०. लंडन ते मुंबई ७,२०० च्या आसपास. इंग्रज माणूस मुंबईत बंगले बांधून राहत होता आणि त्याच्या अर्ध्याहून थोड्याच जास्त अंतरावरचं गाव त्याला जगाचं टोक वाटत होतं.

पेठेतला_पिंपळ

न्यूयॉर्कपेक्षा जवळ!! हे आजोबांना सांगायला हवं होतं.

वाटसरू_पश्चिम

मी मालीत बामाकोला काही वर्षं होतो, पाण्याच्या पंपांच्या कामावर. टिंबक्टूला मात्र जाता आलं नाही. रस्ता साधारण हजार किलोमीटरचा आणि त्या काळात उत्तरेला जाणं धोक्याचं होतं. मोप्तीपर्यंत गेलो होतो. मोप्ती हे नदीवरचं मोठं बंदर, टिंबक्टूचा माल होड्यांतून तिथे उतरतो.

तिथे मी मिठाच्या लाद्या पाहिल्या. आपल्याकडे मीठ म्हणजे आगरातलं खडेमीठ, त्यामुळे आधी मला ती संगमरवराची वखार वाटली. करड्या-पांढऱ्या, माणसाच्या कमरेएवढ्या उंच, भिंतीला टेकवून ओळीने उभ्या. एकेक तीस-चाळीस किलोची. ताउदेनीच्या खाणीतून उंटावरून येतात, एका उंटावर चार, दोन या बाजूला दोन त्या बाजूला. कडा झिजू नयेत म्हणून चामड्याच्या वाद्या बांधलेल्या. लादीवर खाणवाल्याची खूण रंगवलेली असते. गिऱ्हाईक आलं की दुकानदार छिन्नी-हातोडीने हव्या तेवढ्या आकाराचा तुकडा काढून देतो आणि खाली पडलेला चुरा मुलं जिभेवर ठेवतात. मीही ठेवला. किंचित कडवट, पण चव लांबवर राहते.

आमच्या कचेरीत एक सहकारी टिंबक्टूचे होते. त्यांना मी एकदा हा इंग्रजी वाक्प्रचार सांगितला. ते फ्रेंच बोलणारे, त्यांना तो ठाऊक नव्हता. शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाले, "आमचं गाव ३३३ संतांचं. तिथे लोक शिकायला यायचे. लांब वाटलं असेल तर ते उंटाला वाटलं असेल." ओळख करून देताना ते गावाचं नाव जरा सावकाश उच्चारायचे. आपल्याकडे पैठणचा माणूस सांगतो ना, तसं.

मालवणी_चेडू

"लांब वाटलं असेल तर ते उंटाला" हे लय आवडलं!

अवांतर: त्या मिठाची आमटी कशी लागेल ओ?

वाटसरू_पश्चिम

@मालवणी_चेडू, बामाकोत त्याच मिठावर आमची आमटी व्हायची. थोडं कमी घालायचं.

प्रेअरी

अमेरिकेतून, नेब्रास्कातून लिहितेय. इकडे लांबच्या ठिकाणाला 'बूनडॉक्स' किंवा नुसतं 'बूनीज' म्हणतात. आमच्या घराबद्दल तर सर्रास! हा शब्द इंग्रजी वाटतो, पण आहे तागालोग भाषेतला. 'बुंदोक' म्हणजे डोंगर. १८९९ पासून फिलिपिन्समध्ये अमेरिकेने युद्ध केलं, तिथले लढवय्ये डोंगरात जायचे, सैनिकांनी तो शब्द उचलून घरी आणला. आता सपाट नेब्रास्कात, जिथे टेकडीसुद्धा शोधावी लागते, तिथे आम्ही 'डोंगरात' राहतो.

माझी एक मैत्रीण फिलिपिनो आहे. ती सांगत होती की त्यांच्याकडेही 'तागा-बुंदोक', म्हणजे डोंगरातला, हा शब्द गावंढळ या अर्थाने टोचून बोलायला वापरतात.

सह्याद्रीचा_पाथरवट

@प्रेअरी, आपल्याकडचा 'घाटी' त्याच जातीचा. घाटावरून आलेला माणूस एवढाच मूळ अर्थ. मुंबईत गिरणीत, गोदीत राबणाऱ्या आमच्या वाडवडिलांनी तो शिवी म्हणून ऐकला. माझे वडील सातारकडचे. त्यांना कुणी 'घाटी' म्हटलं की घरी येऊन ते जेवायचे नाहीत. बोलीभाषेतली गंमत म्हणून हे शब्द फिरतात, पण ज्याच्या गावाचा शब्द होतो त्याला विचारलं पाहिजे. म्हणून मला वाटतं की एका गावाच्या जागी दुसरं गाव बसवून प्रश्न सुटत नाही.

बर्कच्या_मागे

ऑस्ट्रेलियातून हजेरी. इकडे 'बर्कच्या मागे' म्हणतात. बर्क हे सिडनीच्या वायव्येला साधारण आठशे किलोमीटरवर, डार्लिंग नदीकाठचं गाव. एके काळी तिथून लोकर भरून वाफेच्या बोटी निघायच्या. त्याच्याही मागे म्हणजे नुसतं रखरखीत मैदान. फरक एवढा की बर्कचे लोक हा वाक्प्रचार स्वतःच मिरवतात. त्यामुळे @सह्याद्रीचा_पाथरवट यांचं म्हणणं पटतं, पण सगळीकडे तो सल असतोच असं नाही. झुमरीतलैयावालेही मिरवतातच की.

सातपुडा_गुरुजी

मी जिल्हा परिषदेचा शिक्षक. धडगाव तालुक्यात आहे. आपल्या राज्यात 'तुझी बदली गडचिरोलीला करतो', 'धडगावला टाकतो' या धमक्या आहेत. ऑर्डर हातात पडली तेव्हा नातेवाइकांचे फोन आले, जणू घरात काही अघटित झालंय. एक मामा तर 'काळ्या पाण्यावर चाललास' म्हणाले.

इथे नर्मदाकाठच्या पाड्यांवर धरणाच्या पाण्यामुळे होडीनेच जावं लागतं. पावसाळ्यात डोंगरवाट घसरडी होते, आजारी माणसाला झोळीतून आणतात. हे हाल खरे आहेत, त्यांचं कौतुक मला करायचं नाही. रस्ता झालाच पाहिजे, दवाखाना झालाच पाहिजे. पण 'शिक्षेची जागा' हा शब्द एकदा चिकटला की काय होतं ते मी रोज पाहतो. येणारा प्रत्येक कर्मचारी पहिल्या दिवसापासून परतीची बदली मोजत असतो. शाळेतल्या मुलांना ते कळतं. चौथीतल्या एका मुलीने मला विचारलं होतं, "गुरुजी, तुम्ही काय चूक केली?" मी तिला म्हटलं, मी मागून घेतलीय ही शाळा. दुसऱ्या वर्षापासून ते खरंच खरं झालं, मुदत संपल्यावर मी पुन्हा इथलाच अर्ज भरला.

म्हणून @शब्दवेल्हाळताई, संपादकांनी झुमरीतलैयाऐवजी भामरागड किंवा धडगाव सुचवलं तर माझ्यातर्फे नाही म्हणा.

शब्दवेल्हाळ

गुरुजी, काय लिहू. त्या मुलीचा प्रश्न मनात घर करून बसलाय. नक्की नाही म्हणेन.

टोकदार_पेन्सिल

गुरुजींना नमस्कार. पण मुद्दा सोडत नाही. आपण 'अटकेपार झेंडे' म्हणतो तेव्हा अटकेच्या लोकांना विचारतो का? १७५८ मध्ये मराठी फौजा सिंधूकाठच्या अटकेपर्यंत पोचल्या. आज ते पाकिस्तानच्या पंजाबातलं शहर आहे, तिथली माणसं भाजी आणतात, मुलांना शाळेत सोडतात. आपल्या लेखी ते गाव 'लांबचा पराक्रम' एवढंच आहे. मग 'अटकेपार'ही बंद करायचं का?

दप्तरदार

@टोकदार_पेन्सिल, उत्तम उदाहरण दिलंत आणि त्यातच तुमचं उत्तर आहे. 'अटकेपार' इंग्रजीत नेताना कुणी 'नॉर्मंडीपार' केलं तर तुम्हाला चालेल? पुण्यापासून सरळ रेषेत सतराशे किलोमीटरच्या आसपास असलेलं अटक, रघुनाथरावांची स्वारी, त्यामागची तीन वर्षांनी आलेली पानिपतची सावली, सगळं त्या एका नावात आहे. गाव बदललं की ते पुसलं जातं. बंद करायचं कशाला? आहे त्या नावानिशी न्यावं.

टोकदार_पेन्सिल

हम्म. 'नॉर्मंडीपार' नाही चालणार. मान्य.

पोथी_पुराण

मी हस्तलिखितांच्या संग्रहात काम करते, त्यामुळे टिंबक्टू म्हटलं की माझ्या डोळ्यांसमोर वाळवंट येत नाही, कागद येतो.

तिथली जुनी पुस्तकं बहुधा शिवलेली नसतात. सुटी पानं, वर चामड्याचं वेष्टन आणि त्याला गुंडाळलेली वादी. आपल्या पोथ्यांसारखंच म्हणा ना: सुटी पानं, वर-खाली लाकडी पाट्या, भोवती कापड. त्यांच्याकडचा पुष्कळसा कागद व्यापाऱ्यांबरोबर इटलीहून सहारा ओलांडून आलेला. उजेडावर धरला तर त्यात तीन चंद्रकोरींची जलखूण दिसते. घराण्यांनी पिढ्यान्‌पिढ्या हे संग्रह पेट्यांत, कोठारात जपले.

२०१२ मध्ये सशस्त्र जिहादी गटांनी गाव ताब्यात घेतलं आणि संतांच्या समाध्या फोडायला सुरुवात केली. तेव्हा अब्देल कादेर हैदारा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हस्तलिखितं पत्र्याच्या ट्रंकांत भरून, रात्रीच्या वेळी, गाढवांच्या गाड्यांवरून, मोटारींतून आणि नायजर नदीतल्या होड्यांतून बामाकोला नेली. लाखो हस्तलिखितं वाचली. जानेवारी २०१३ मध्ये पळून जाताना त्या गटांनी अहमद बाबांच्या नावाने असलेल्या संस्थेतली सुमारे चार हजार जाळली किंवा नेली. फोडलेल्या समाध्या २०१५ पर्यंत स्थानिक गवंड्यांनी पुन्हा बांधल्या. आणि २०१६ मध्ये हेगच्या आंतरराष्ट्रीय फौजदारी न्यायालयाने या विध्वंसासाठी एकाला नऊ वर्षांची शिक्षा दिली. फक्त सांस्कृतिक वारशाच्या नाशासाठी त्या न्यायालयात चाललेला तो पहिला खटला.

ट्रंका निघाल्या त्या रात्रींत कुणाचा कितवा पणजोबा वाचला असेल, कल्पना करा. मी रोज मोडी कागदांचे रुमाल, म्हणजे कापडात बांधलेले गठ्ठे, सोडते-बांधते. एक रुमाल गहाळ झाला तरी आम्हाला झोप येत नाही. त्या माणसांनी शहरभरचे संग्रह हलवले. तुमच्या वाचकाला 'टिंबक्टू' हे नाव कळलं नाही तर त्याला शोधू द्या. शोधल्यावर त्याला हे सगळं सापडेल.

कावेरीकाठचा_मराठी

@पोथी_पुराण, तंजावरहून नमस्कार. आमच्या सरस्वती महालातले मोडी कागद बघायला या एकदा. पुण्याहून आलेली माणसं आमची मराठी ऐकून 'अरे, इतक्या लांब मराठी!' म्हणतात. आम्ही इथे साडेतीनशे वर्षं घरीच आहोत.

पोथी_पुराण

येणार, नक्की येणार! तुम्हाला निरोप पाठवते.

कृष्णाकाठ

शब्द दिल्याप्रमाणं कळवतो. पोरांनी भिंतीवरच्या नकाशावर सांगलीपासनं दोरा ताणला आणि टाचणी बरोबर टिंबक्टूवर लावली. एकानं विचारलं, "सर, मग तिथं पण आपल्यासारखंच ऊन असणार?" म्हटलं, उन्हाचा कोन तोच, पण पाऊस नाही. मग पाऊस का नाही, यावर तास संपला. दोरा अजून तसाच आहे, उतरवू देत नाहीत.

खलाशी_७२

ताई, मूळ वाक्यावर येऊ, तुमचा आठवडा संपत आला असेल. माझं मत: 'टिंबक्टू' ठेवा. आई जे म्हणते त्यात 'गाठणारच' हा शब्द भारी आहे. जिथे भले भले पोचले नाहीत तिथे माझं पत्र पोचेल, असं ती म्हणतेय. झुमरीतलैयाला पत्र पोचतंच, त्यात आईचं काय? उलट देशभरात सगळ्यांत जास्त पोस्टकार्डं तिथूनच निघाली असतील!

अभ्रक

@खलाशी_७२, एकच नंबर! कोडरम्याचा पोस्टमन हे वाचून खूश होईल.

शब्दवेल्हाळ

सगळ्यांचे मनापासून आभार. खलाशीकाकांचा मुद्दा आणि दप्तरदारांनी सांगितलेली लेंग आणि काये यांची गोष्ट मी संपादकांना सविस्तर लिहून पाठवली. त्यांचं उत्तर आलं. शब्द राहतोय. तळटीप नको, पण वाक्यात एखादा दुवा द्या म्हणाले. तेव्हा आता असं केलंय:

"जा कुठेही. वाळवंटापलीकडच्या टिंबक्टूला गेलास तरी माझं पत्र तुला गाठल्याशिवाय राहायचं नाही."

कसं वाटतंय? 'राहायचं नाही' कथेतल्या आईच्या तोंडी जरा गावाकडचं होतंय का?

टोकदार_पेन्सिल

उत्तम. 'राहायचं नाही'च ठेवा, आई अशीच बोलते. 'वाळवंटापलीकडच्या' मात्र बघा, लंडनहून पाहिलं तर पलीकडे, पण सांगलीहून सरळ गेलं तर ते वाळवंटाच्या काठाकाठानेच लागतं.

नकाशेवाला

आई इंग्रज आहे ना कथेत? मग 'पलीकडच्या' बरोबर.

शब्दवेल्हाळ

हो, इंग्रजच. ठेवते. @पोथी_पुराण, मोडी रुमालांवर एक वेगळा धागा काढा ना, रुमाल कसा सोडतात आणि बांधतात तिथपासून.